दाराच्या मापाचं कापड

आप्पा गेल्याची बातमी मला भिंतीतून कळली. सकाळचे साडेसहा वाजले असतील, मी चहाचं आधण ठेवलं होतं, आणि पलीकडून वहिनींचा आवाज आला... "भाऊ, लवकर ये. आप्पा उठत नही." सात वर्षांत त्या भिंतीतून माझ्यासाठी आलेलं ते पहिलं वाक्य. मी धावलो, पण बाहेरच्या दाराकडे नाही, भिंतीकडे धावलो. जिथे पूर्वी मधलं दार होतं तिथे दोन्ही हात टेकले आणि मग ध्यानात आलं की इथून जाता येत नाही, हे दार आपणच बुजवलंय. तसाच अनवाणी मागे फिरलो, गल्लीतून वळसा घालून त्यांच्या घरात शिरलो. फार तर अर्धं मिनिट जास्त लागलं असेल. डॉक्टर म्हणाले, पहाटेच झोपेत गेले, तुम्ही आधी येऊनही काही झालं नसतं. ते खरंच असणार. पण त्या अर्ध्या मिनिटाने मला दीड महिना झाला तरी सोडलेलं नाही.

आप्पा माझा थोरला भाऊ. अमळनेरकडचं आमचं गाव सोडून तो आधी सुरतेला आला, लूमवर लागला, आणि मग मला शिकायला घेऊन आला. मी मास्तर झालो ते त्याच्या जोरावर. लिंबायतमध्ये आम्ही भिंतीला भिंत लागून दोन घरं घेतली तेव्हा आमची माय म्हणाली, माझी पोरं शेजारी राहतात हे ठीक, पण मी काय दिवसभर गल्लीतून फेऱ्या मारू? म्हणून मधल्या भिंतीत दार पाडलं. दाराला फळी नव्हती, नुसता पडदा. माय सकाळचा चहा इकडे घ्यायची, दुपारची भाकरी तिकडे खायची आणि दोन्हीकडे दुसऱ्या सुनेचं कौतुक करायची. आप्पाची एक रीत होती. पडदा तो कधी न विचारता सारायचा नाही. रोज सकाळी पलीकडे उभा राहून आधी विचारायचा, "उठना का, भाऊ?" उठलास का? मी कितीही आधी उठलेलो असलो तरी त्याने विचारेपर्यंत उठलो असं मला वाटायचं नाही.

माय गेली त्या दिवशी आप्पा भेस्तानच्या मिलमध्ये होता. लूमवरून तो कधीच छपाईच्या मिलमध्ये गेला होता. कापडावर छापायची नक्षी काढायची हे त्याचं काम, आधी हाताने आणि मग कॉम्प्युटरवर. मिलच्या गेटवर मोबाइल जमा करून घेत. मी फोनवर फोन केले, शेजारच्या माणसाला स्कूटरवर पाठवलं. उन्हाळ्याचे दिवस, लोक ताटकळलेले. "मास्तर, किती वेळ ठेवायचं?" असं चारदोन जणांनी विचारलं आणि मी उठा म्हटलं. आप्पा थेट स्मशानात पोचला तेव्हा चिता पेटलेली होती. तो ओरडला नाही. माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाला, "भाऊ, तू माले मायनं तोंडबी देखू दिधं नही." मी तेव्हा माफी मागायला हवी होती. पण मी दिवसभराचा थकलेलो, लोकांसमोर चिडलेलो, आणि मी त्याला शाळेतल्या मराठीत उत्तर दिलं, "तुला तुझी मिल जास्त होती." आमच्या घरात भांडणंसुद्धा अहिराणीत व्हायची. ते वाक्य परक्या माणसाला बोलावं तसं निघालं. तेरावं झालं, तरी आप्पाने पडद्यापलीकडून विचारणं पुन्हा सुरू केलं नाही. मग मी गवंडी बोलावला आणि दार बुजवून घेतलं. पडदा वहिनींनी काढून ठेवला. माझी बायको मंदा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, पण ती निदान नवव्या दिवशी बोलली.

विटांची भिंत माणसं अडवते, आवाज अडवत नाही. आप्पाचा खोकला, कुकरच्या शिट्ट्या, त्याच्या नातीचे पाढे हे सगळं मी सात वर्षं ऐकलं. गेल्या वर्षी एक नवीन आवाज यायला लागला. संध्याकाळी तो मोबाइलवर बातम्या लावायचा, आणि त्या कुठल्या तर आफ्रिकेतल्या दोन शेजारी देशांच्या. त्यांची सरहद्द बंद, पुलावरचं फाटक बंद, राजदूत परत बोलावलेले, आता बोलणी सुरू, आता बोलणी फिसकटली. मी मंदाला म्हणायचो, आपला नगरसेवक कोण ते याला सांगता यायचं नाही, आणि तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांची नावं पाठ. मंदा म्हणाली, जाऊन विचारा ना मग. मी कसला विचारतोय. मी वर्तमानपत्र मोठ्याने उलटलं.

मग एका रविवारी सकाळी खिडकीच्या जाळीतून पाहिलं तर आप्पा माझ्या दारात उभा. इस्त्रीचा सदरा, बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. खरं सांगतो, मला आनंदच झाला. पण आनंदाच्या आधी अहंकार धावतो. मी मंदाला खुणेने सांगितलं, आंघोळीला गेलेत म्हण. मी कोरडाच न्हाणीघरात जाऊन बसलो, बादलीत नळ सोडून. बाहेर तो मंदाशी नातीच्या परीक्षेबद्दल बोलत होता. बादली भरली, वाहायला लागली... आणि तो म्हणाला, "बरं, येस मी परत." मी मनात म्हटलं, येऊ दे की परत. सात वर्षं थांबलोय, दोन दिवसांनी काय होतंय. त्यानंतर अकराव्या दिवशी वहिनींची हाक आली.

त्याच्या बगलेत काय होतं ते महिन्याभराने कळलं. वहिनींकडे एक पाहुणी आली, आणि वहिनींनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. उंच, सावळी, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली बाई. नाव ग्रेस. सुरतेत कॉलेज शिकलेली, आता तिच्या देशातल्या व्यापाऱ्यांसाठी इथल्या मिलमधून कापड छापून नेते. हिंदी चांगलं बोलत होती, मधूनच गुजराती. आप्पाला काका म्हणायची. फोनवर बातमी कळली होती, पण सुरतेला आल्यावर घरी येऊन बसल्याशिवाय तिला राहवेना.

तिनेच सगळं सांगितलं. आप्पा ज्यांच्या बातम्या ऐकायचा त्यांतला एक देश तिचाच; दोन्ही देशांतली बोलणी जमत आली तेव्हा व्यापाऱ्यांनी ठरवलं, फाटक उघडेल त्या दिवशी दोन्हीकडच्या बायकांनी एकच कापड नेसून पुलावर यायचं. मध्ये पूल आणि दोन बाजूंना दोन झेंडे, अशी नक्षी आप्पाकडे आली. आमच्याकडे साडीच्या कापडात एक बुट्टी सुलटी, एक उलटी बसवतात, म्हणजे कुठूनही कापलं तरी कापड वाया जात नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने आप्पाने झेंड्यांनाही तेच केलं. एका देशाचा सुलटा, दुसऱ्याचा उलटा. ग्रेसने नमुना पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उलटा झेंडा तिच्या देशाचा होता. "काका, हमारा झंडा क्यों गिर गया?" असं तिने विचारलं. आप्पाने हात जोडले. मग तिने सांगितलं की तिच्या आईचं माहेर पुलापलीकडे. नानी गेली तेव्हा सरहद्द बंद होती. "मुँह नहीं देखा काका, किसी ने जाने नहीं दिया."

"काका ने चश्मा उतारकर रख दिया," ग्रेस म्हणाली. "बोले, मैंने भी माँ का मुँह नहीं देखा. मैंने पूछा, कौन सा बॉर्डर था? बोले, भाई का. मैंने पूछा, भाई किस देश में रहता है?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे तिला वहिनींनी सांगितलं होतं. मग खाली बघत म्हणाली, "बोले, दीवार के उस तरफ."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण जाणार कुठे, भिंतीच्या त्या तरफच ना.

त्या देशांची बोलणी बरेच दिवस एकाच गोष्टीवर अडली होती म्हणे... पहिल्यांदा कोणी कोणाकडे जायचं. शेवटी एकाने कमीपणा घेतला, आपला राजदूत आधी परत पाठवला, आणि पुढचं सगळं सुटत गेलं. आप्पाने ती बातमी वहिनींना दोनदा ऐकवली होती. "पहिले जास तो काई धाकला व्हत नही," असं म्हणाला होता, आणि ठरवून टाकलं होतं, यांचं फाटक ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी मी भाऊकडे जाणार. फाटक उघडलं ते एका रविवारी. मी बादली भरत बसलो होतो तो रविवार.

वहिनींनी कपाटातून ते पुडकं काढलं. तेच कापड, दोन्ही झेंडे सुलटे, मध्ये पूल. वरच्या बाजूला दांडी ओवायला शिवण घातलेली. त्याने मिलमधून नमुन्याचा तुकडा मागून आणला होता आणि आमच्या बुजवलेल्या दाराच्या मापाने, जुन्या पडद्यावर ठेवून, वहिनींकडून शिवून घेतला होता. मी तो हातात घेऊन सवयीने मागची बाजू पाहिली. मागेही तसाच रंग, तीच नक्षी, तेवढीच ठळक. ग्रेस म्हणाली, आमच्याकडे असंच लागतं, कापडाला मागची बाजू चालत नाही. मग मी रडलो. वहिनींसमोर, परक्या बाईसमोर, माझ्या वयाला न शोभेल असा रडलो.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. बांधायला दोन दिवस लागले होते, पाडायला एक सकाळ पुरली. पडदा आता मध्ये लावलाय, दोन्ही घरांना सारखाच दिसतो. नात त्यातून दिवसातून पन्नासदा इकडे-तिकडे करते, मंदा आणि वहिनी भाजीच्या वाट्या सरकवतात. मी मात्र तो न विचारता सारत नाही. रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो. पलीकडे आप्पाची खाट आहे, गादी गुंडाळून ठेवलेली. आता पहिल्यांदा मीच बोलतो.

"उठना का, आप्पा?"