दादाची मोटर आणि मोगलाईतला विमा

इस्माईल शाळेच्या फाटकाशी आला तेव्हा मी मुलींना भागाकार शिकवत होते. इस्माईल म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, शमुवेलदादाचा, जुना ड्रायव्हर. एरवी रस्त्यातूनच हाक मारणारा हा माणूस त्या दिवशी टोपी हातात घेऊन उभा होता. मी जवळ गेल्यावर म्हणाला, "बाई, दादा गेले. गॅरेजात बाकावर पडले होते. चहा घेऊन गेलो तर उठलेच न्हाईत." खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. घरी पडून राहा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. रूथवहिनींनी त्याच्या वहाणा लपवून ठेवल्या होत्या. तर हा अनवाणी गॅरेजात गेला... आता काही आठवडे लोटले. भेटायला येणारे म्हणतात, शमुवेल फार सरळ माणूस. होता, मला मान्य आहे. पण सरळ माणसाच्या घरच्यांचे काय हाल होतात ते कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

दादाच्या दोन मोटरी नगर-जामखेड रस्त्यावर उतारूंची ने-आण करायच्या. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा मागे कोळशाच्या गॅसची भट्टी लावून त्याने त्या चालवल्या. घरी यायचा तो कोळसेवाल्यासारखा काळा होऊन. लढाई संपली आणि नवा नियम आला, की तिऱ्हाइताचा विमा असल्याशिवाय मोटर रस्त्यावर आणायची नाही. मोटरीखाली कुणी सापडलं किंवा आतला उतारू जखमी झाला, आणि चूक मोटरवाल्याची असली, तर भरपाई विमा कंपनीने द्यायची. बाकीच्या मालकांनी कायद्यापुरता, सगळ्यांत स्वस्त विमा घेतला, कागद घडी करून खिशात घातला आणि कामाला लागले. आमच्याकडे मात्र तिथून पुढे सगळं सुरू झालं. पॉलिसी इंग्रजीत, आणि दादाचं इंग्रजी मोटरच्या सुट्या भागांच्या नावांपुरतं. म्हणून तो ऐन जेवणाच्या वेळी माझ्या खोलीवर यायचा. मी एकेक कलम वाचून मराठीत सांगायचं, आणि प्रत्येक कलमावर त्याने विचारायचं, "म्हणजे यातून सुटलं कोण?"

"कुणी सुटलं नाही, दादा. भाकरी गार होतेय."

"क्लीनर? तो टपावर चढून सामान बांधतो. पडला तर?"

क्लीनरचं वेगळं निघालं, त्याचा हप्ता वेगळा. ड्रायव्हरचंही वेगळं. मोटरचं स्वतःचं तर सगळ्यांत महाग. विमा कंपनीचे एजंट रोज गॅरेजात येऊन बसायचे. सभ्य गृहस्थ होते, दादाने त्यांचा अंत पाहिला. ते म्हणाले, "शमुवेलराव, सगळं घेणं झेपणार नसेल तर आधी गाडीचा विमा घ्या. तुमचं पोट गाडीवर आहे." वहिनीही तेच म्हणाल्या, मीही तेच म्हटलं. दादाने ड्रायव्हरचा घेतला, क्लीनरचा घेतला, आणि गाडीचा सोडला. "गाडीला पोरंबाळं नाहीत," म्हणाला. वहिनी उठून आत गेल्या आणि भांडी जरा जोरात वाजू लागली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एका संध्याकाळी वाचता वाचता एक ओळ आली, की हा विमा ब्रिटिश हिंदुस्थानच्या हद्दीत लागू राहील. मी पुढे वाचत होते, दादाने हात वर केला. तेव्हा जामखेडला जाताना मधला बराच रस्ता निजामाच्या राज्यातून, म्हणजे मोगलाईतून जायचा. चिचोंडी मागे टाकली की थोड्या वेळाने नाका लागायचा, मग कडा, आष्टी, आणि ती हद्द ओलांडली की पुन्हा आपला मुलूख.

"म्हणजे नाक्यापुढे माझी मोटर बिनविम्याची," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एजंटांनी हात जोडले. "अहो, अपघात काय हद्द बघून होतो का?"

"म्हणून तर विचारतोय."

मोगलाईसाठी पॉलिसीला जादा कलम जोडून मिळतं, असं कळलं. पण ते पुण्याहून यायचं. ते येईपर्यंत दादाने काय करावं? मोटर नाक्यापर्यंत न्यायची आणि उतारूंना तिथे उतरवायचं. पुढचं त्यांनी बैलगाडीने जावं, नाहीतर मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटरीने. डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका भर उन्हात उतरायच्या आणि त्याचा उद्धार करायच्या. दुसरे मोटरवाले हसत त्याचे उतारू भरून न्यायचे. इस्माईल मला म्हणाला, "बाई, तुमी सांगा त्येंना. लोक मला शिव्या देतात, अन् हे म्हणतात, त्यांच्या भल्यासाठीच हाय." मी सांगितलं. रविवारी देवळातून येताना पाद्रीसाहेबांनीही सांगितलं. कागद आल्यावरच मोटर नाका ओलांडून गेली. तोवर निम्मे उतारू कायमचे तुटले होते.

पुढच्या वर्षी आष्टीच्या अलीकडे मोटर ओढ्यात उलटली. दैव म्हणा, नाहीतर आणखी काही, ती मोगलाईतच उलटली. इस्माईलचा हात मोडला. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. पण गंगूबाई नावाच्या जामखेडच्या विधवा बाईचा पाय मोटरीखाली चिरडला. ती बाजारोबाजार बांगड्या विकायची. तिला नगरच्या दवाखान्यात आणलं आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

जे झालं ते असं होतं. मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तडकला होता. दादाला ते आदल्या दिवशी दिसलं होतं, आणि ही एक खेप निघेल असं त्याला वाटलं. इतक्या कलमांचा कीस पाडणाऱ्या माणसाला तसं वाटलं... यावर मी अजूनही विचार करते. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याने हे जसंच्या तसं सांगून टाकलं.

एजंट धापा टाकत आले. कंपनीचं म्हणणं असं, की बैल आडवा आला म्हणून मोटर उलटली, एवढंच आता कोर्टात सांगायचं. "म्हणजे कुणाचीच चूक नाही. तुमचं नाव स्वच्छ राहतं."

"आणि बाईला काय मिळेल?"

"दैवाधीन गोष्टीला कंपनी काय करणार?"

"म्हणजे ती सुटली," दादा म्हणाला.

मग त्यांनी ते कलम दाखवलं. विमा घेणाऱ्याने परस्पर चूक कबूल करून भरपाईचा शब्द द्यायचा नाही, दिला तर कंपनी अंग काढून घेईल. मी कपाळावर हात मारला. ज्या विम्यापायी याने आम्हाला वर्षभर पिडलं, तो आता याच्याच जिभेमुळे जाणार होता. मी ते कलम कितीदा वाचलं असेल देव जाणे. शेवटी मी कंपनीला लिहिलं, की माझ्या भावाने बाईंना कसलाही शब्द दिलेला नाही, पोलिसांनी विचारलं त्याचं उत्तर दिलं, आणि कोर्टाने विचारलं तर शपथेवर तो तेच सांगेल. आणि दादाला बजावलं, "निकाल लागेपर्यंत गंगूबाईसमोर पाट्याचा एक शब्द काढायचा नाही. तुझ्या मनाची टोचणी तू तुझ्यापाशी ठेव. तिचं नुकसान करू नकोस."

तो रोज दवाखान्यात जायचा. त्याचा भरवसा नसल्याने मलाही शाळा सुटल्यावर जावं लागायचं. तो खाटेशी बसायचा, "बाई, त्या दिवशी..." म्हणून तोंड उघडायचा, आणि मी त्याच्या दंडाला चिमटा काढायचे. एक दिवस गंगूबाईच म्हणाली, "दादा, तुमी रोज कायतरी सांगायला तोंड उघडता, अन् ह्या बाई तुमाला चिमटं काढत्यात. मला दिसतंय समदं. माझा पाय गेलाय, डोळं न्हाई गेलं." दादा उठून बाहेर गेला. माझ्या भावाला गप्प बसण्याचा एवढा त्रास होताना मी कधी पाहिला नव्हता.

कंपनीने बरेच महिने ताणलं. मोगलाईचं कलम जोडलेलं होतं, आणि दादा कोर्टात काय बोलेल याची त्यांना खात्री होती, म्हणून शेवटी कोर्टाबाहेरच गंगूबाईला भरपाई मिळाली. त्यातून तिने जामखेडच्या बाजारात बसतं दुकान टाकलं. दादाची मोटर मात्र भंगारात गेली. तिचा विमा नव्हता. उरलेल्या एका मोटरीवर धंदा काही उभा राहिला नाही, आणि पुढे त्या रस्त्यावर सरकारी गाड्या आल्या. ज्या हद्दीपायी एवढं रामायण झालं ती हद्दही राहिली नाही. दादा गॅरेजात दुसऱ्यांच्या मोटरी दुरुस्त करू लागला, आणि येणाऱ्या प्रत्येक मोटरवाल्याला विमा कुठला घेतलास म्हणून छळू लागला. वहिनी त्याला बोलायच्या. दोष मात्र त्यांनी कधी दिला नाही. मी दिला, तोंडावर दिला.

परवा बाजाराच्या दिवशी सरकारी गाडीने जामखेडला गेले. दादा गेल्याचं गंगूबाईला कुणीतरी सांगायला हवं होतं. तिला आधीच कळलं होतं. कुबडी भिंतीला टेकवून ती गावातल्या कुणाच्या तरी नव्या सुनेच्या हातात बांगड्या भरत होती. सून गेल्यावर गंगूबाई म्हणाली, "पैसं मिळाल्यावर पैल्याच बाजाराला आलं हुतं दादा. पाट्याचं समदं सांगितलं. मी बोलले न्हाई त्येंच्याशी. लई राग आला. फुडल्या बाजाराला पुन्ना आलं, उभंच ऱ्हायलं. तवा बी न्हाई बोलले. तिसऱ्या टायमाला म्हनलं, आलाच हायसा तर बसा. मग दर बाजाराला यायचं. बायका बांगड्या भराय आल्या की हे मोटरीच्या गोष्टी सांगायचं. गिऱ्हाईक पळायचं माझं."

दुकानाच्या तोंडाशी चहाचं एक रिकामं लाकडी खोकं पालथं ठेवलं होतं. तिने त्यावर फडकं मारलं आणि मला बसायला सांगितलं. दादांची बसायची जागा, आजही मांडलंय, सवय लागली, म्हणाली. मी बसले आणि लगेच अर्धी उठले. फळीतून एक खिळा वर आला होता.

"हा टोचतो की, गंगूबाई."

"टोचतुया. त्येंना बी म्हनलं, ठोकून घ्या. म्हनले, ऱ्हाऊ द्या, लवकर उठाय बरं पडतं." तिने बांगड्यांची चवड पुढे ओढली. "अन् बसायचं सांजपतूर."