बरोबरीत सोडलेला डाव

सई गेली हे दादानं तोंडानं सांगितलं नाही. दवाखान्यातून आला, तिची पाण्याची बाटली ओट्यावर ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसला... त्याला आता दीड महिना झाला.

दादाची मुलगी, माझी भाची. चौदा वर्षांची. घरात तिच्याबरोबर बुद्धिबळ खेळायला कोणी नव्हतं, म्हणून तिनं मला शिकवलं. मी चौथी शिकलेली. सगळा खेळ मला जमला नाही, पण स्पर्धेसाठी तिनं जी सुरुवात पाठ केली होती, तिच्यातल्या काळ्याच्या चाली तिनं माझ्याकडून घोटून घेतल्या. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट तिरपा बाहेर. मी चुकले की म्हणायची, “आत्ये, उंट हाय तो, बैल न्हाई. सरळ नको हाकू.”

नगरच्या स्पर्धेला मीच तिला घेऊन गेले. शेवटच्या फेरीत तिचा पट दाराजवळ होता. समोरची मुलगी माझ्याच चाली खेळत होती. पदराखाली माझी बोटं हलत होती. पाच चालींनंतर त्या मुलीनं भलतंच प्यादं पुढं केलं आणि पुढचं मला काही समजेना. मग दिसत राहिलं ते फक्त भिंतीवरचं घड्याळ. गावाकडं, सोनईला जाणारी शेवटची एसटी चुकली असती. रात्री थांबायची सोय होईल का हे कोणाला तरी विचारायचं, दादाला फोन करायचा, एवढंच... पण अनोळखी माणसांत माझं तोंड उघडत नाही. मी दारात उभी राहिले आणि मनगटाला बोट लावलं. सईनं वर पाहिलं. पुन्हा पटाकडं पाहिलं. मग समोरच्या मुलीला बरोबरी विचारली. तिनं लगेच हात पुढं केला.

एसटीत मी विचारलं, “हरत हुतीस का गं?”

“न्हाई गं. खिडकी लाव, गार लागतंय.”

दहाव्यानंतर तिचे सर आले. नगरचा तो शेवटचा डाव लिहिलेला कागद दादाला देत म्हणाले, “जिंकत होती ही. का सोडला, काय माहीत.”

मी चहा टाकायला उठले.

कशी जिंकत होती, हे सरांना विचारता येत नाही. विचारलं तर बाकीचंही सांगावं लागेल. म्हणून दुपारी दादा-वहिनी शेतात गेले की मी कागद बघून डाव मांडते. कागदावरची इंग्रजी अक्षरं पटाच्या कडेला छापलेली आहेत, ती जुळवत जाते. बसते तिच्या बाजूला, पांढऱ्याकडं. शेवटच्या चालीपर्यंत पोचते. पुढची शोधते. सापडत नाही. मग मान वर होते... दारात मीच उभी असते, मनगटाला बोट लावून.