शेजारच्या सीटवरची भीती

गाडी शिकवणाऱ्या मॅडमना इतक्या वर्षांनंतरही रोज भीती वाटायची. नवा विद्यार्थी स्टिअरिंगवर बसला की ती उसळून यायची, पण चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. "घाबरायचं खातं माझ्याकडे," त्या थट्टेने म्हणायच्या, "तुम्ही क्लच सांभाळा."

शेजारच्या सीटवर त्यांच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठीचा जादा ब्रेक होता. होता होईतो तो दाबायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. त्या स्वतः शिकत होत्या तेव्हा त्यांचे सर खड्डा दिसला तरी ब्रेक मारायचे. लायसन्स मिळाल्यावर मॅडम पहिल्यांदा एकट्या निघाल्या आणि समोर बंद फाटक आलं, तर पाय आपला वाट बघत बसलेला, की थांबवेल कुणीतरी. गाडी फाटकावर आदळली. तेव्हापासून त्यांचं ठरलं, मास्तरांनी सारखं वाचवलं तर शिकणारा अर्धाच शिकतो.

एक शिवणकाम करणाऱ्या ताई शिकायला आल्या. नवऱ्याचं अंग लुळं पडलेलं, दवाखान्यात नेणारं दुसरं कुणी नाही. एकदा पुलाच्या चढावर त्यांची गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. मागे एक बस उभी होती. ताई स्टिअरिंग धरून नुसत्या थिजल्या. आरशात बसचं तोंड मोठं मोठं होत गेलं. मॅडमचा पाय जादा ब्रेकवर टेकला. आपण दाबला, तर ताई पुन्हा चढावर यायच्या नाहीत. नाही दाबला, तर?

"ताई, ब्रेक," त्या अगदी सावकाश म्हणाल्या.

ताईंनी दाबला. गाडी आणि बस यांच्यात हातभर जागा उरली.

पूल उतरल्यावर ताई म्हणाल्या, "तुम्ही किती शांत असता हो." टायर बघते असं सांगून मॅडम उतरल्या आणि गाडीमागे मटकन खाली बसल्या. 

त्या दिवसापासून ती भीती आणखी वाढली. पुढच्याच शिकवणीला एक सायकल आडवी आली आणि मॅडमनी खाडकन ब्रेक दाबला. ताईंचा चेहरा उतरला.

"माझं काय चुकलं?"

"लक्ष कुठंय तुमचं?" हे शब्द मॅडमच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"काही नाही चुकलं. तुम्ही थांबवतच होतात. मी घाबरले."

"तुम्हीसुद्धा?"

"रोज."

 ताईंनी किल्ली फिरवली. "दाराला धरून बसा मग. मी हळूच नेते."

ताई आता नवऱ्याला स्वतः दवाखान्यात नेतात. मॅडमची भीती काही गेली नाही. फक्त आता नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकतात, की मलाही भीती वाटते.