अकरा युनिटांची गल्ली

मीटरबाईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. सत्तावीस वर्षं ती पाण्याचे मीटर वाचत होती. ती फाटकाशी दिसली की पोरं आत तोंड करून ओरडत, "आई, मीटरबाई आली!" ती पोरं मोठी झाली, आईबाप झाली, पण हाक तीच राहिली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही, छोटी बॅटरी आणि मीटरच्या काचेवरची धूळ पुसायला एक मऊ झालेलं फडकं. महिन्याला चारशे बारा दारं.

आकडा काय, कुणालाही वाचता येतो. मीटरबाई घर वाचायची. चौदा युनिटांचे एकवीस झाले की लेक बाळंतपणाला आलेली असायची. एकविसाचे तेरा झाले की लेक गेलेली असायची, आणि जाताना आईलाही महिनाभर घेऊन गेलेली असायची. सोळाचे एकदम नऊ झाले, तर ती त्या दारात आवाज खाली घ्यायची. कुणी सांगायच्या आधीच तिला कळलेलं असायचं.

तिच्या फेरीत शेवटी मागची गल्ली यायची. एकतीस घरं, भिंतीला भिंत लागलेली. त्यातलं सतरावं घर तिचं माहेर. स्वतःचं घर तिथून दोन रस्ते सोडून. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कामावरून परतल्यावर ते घर खायला उठायचं, म्हणून ती फेरी मुद्दाम सावकाश करायची आणि माहेरी येऊन संपवायची. वहिनी म्हणायची, "आलात? बसा. आधी पाय मोकळे करा, मग तुमचे आकडे बघा."

सहा वर्षांपूर्वी दादा आणि वहिनी लांबच्या शहरात मुलाकडे गेले. "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. नातू चालायला लागला की येतो," दादा म्हणाला आणि किल्ली तिच्या हातात दिली.

कचेरीचा नियम सरळ होता. दार बंद असेल तर आकड्याच्या जागी ब लिहायचा. लागोपाठ सहा महिने ब आला, की मीटर काढून न्यायचा आणि यादीतून घर कमी करायचं. पहिल्या महिन्यात मीटरबाई माहेरच्या दारात वही उघडून उभी राहिली. पेन टेकलं, पण ब काही उमटेना. दादाच्या घरात दर महिन्याला अकराच्या आसपास पाणी लागायचं. तिनं अकरा लिहिले. चार महिन्यांचा तर प्रश्न होता.

तिच्या त्या आकड्यानं कुणाच्या खिशाला चाट बसत नव्हती. पाणीपट्टी घराच्या खोल्यांवर ठरलेली होती. आकडे लागत ते कुठल्या भागाला किती पाणी सोडायचं एवढ्यापुरते. पुढच्या वर्षी समोरच्या घराला कुलूप लागलं. आपल्या माहेराला एक न्याय आणि परक्याच्या घराला दुसरा, हे तिला बरं वाटेना. तिथंही तिनं अकराच लिहिले. मग त्याच्या शेजारी. मग कोपऱ्यावर. सहा वर्षांत एकतीसपैकी एकोणीस घरं रिकामी झाली आणि तिच्या वहीत एकोणीसच्या एकोणीस घरी माणसं रोज अंघोळी करत राहिली.

खरोखर राहणाऱ्या बारा घरांत एक घर बाइंडरकाकांचं, माहेराला लागूनच. वय अठ्ठ्याहत्तर. बायको केव्हाच गेलेली. पुस्तकांच्या पाठी शिवायच्या, खळ लावायची आणि लोखंडी वजनाखाली दाबून ठेवायची, हे काम अजून चालू होतं. गिऱ्हाईक मात्र महिन्याला एखादं. मीटरबाई दिसली की ते चष्मा कपाळावर घ्यायचे.

"या इन्स्पेक्टर! काय म्हणतो आमचा आकडा?"

"चार."

"चार? मागच्या महिन्यात पाच होते. म्हणजे मी आणखी घाण राहायला लागलो म्हणायचं."

"काका, पाणी पीत जा जरा."

"पितो की. तू आलीस की आठवण होते."

त्या वर्षी कचेरीत कंत्राटावर एक मुलगी आली. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला नकाशावाली म्हणत. वस्ती कुठं भरते आणि कुठं ओसरते, हे ती पाण्याच्या आकड्यांवरून काढत होती. पडद्यावर सगळं शहर मांडलेलं. भरलेलं घर गडद निळं, रिकामं पांढरं. तिनं मीटरबाईला बोलावून शेजारी खुर्ची दिली. सत्तावीस वर्षांत कचेरीत कुणी तिला खुर्ची दिली नव्हती.

"मावशी, हे घर बघा. मार्चमध्ये एकदम तीस कसे?"

"वरची टाकी फुटली होती. जिन्यावरून धबधबा."

"आणि हे? दहा वर्षं बावीस, मग अचानक सात?"

"तीन भाऊ होते. भांडले, दोघं बाहेर पडले. राहिला तो धाकटा. बायकोही टिकली नाही."

मुलगी लिहायचं थांबली. "हे सगळं तुम्हाला आकड्यावरून कळतं?"

"दारात उभं राहिलं की कळतं. आकडा नुसता आठवण करून देतो."

दोन तास असे गेले. मीटरबाईला वाटलं, हे काम संपूच नये. मग मुलीचं बोट मागच्या गल्लीवर आलं.

"इथं मात्र गंमत आहे. एकोणीस घरं, आणि आकडा हलतच नाही. अकरा, अकरा, अकरा. इथं पाहुणे येत नाहीत? कुणी आजारी पडत नाही? मला आधी वाटलं, आमच्याच संगणकात गोंधळ आहे."

 मीटरबाई शांतपणे म्हणाली, "जुनी माणसं आहेत. एका चालीनं राहतात."

मुलीनं मान डोलावली. इतर सगळं खरं सांगणारी बाई हे खोटं कशाला सांगेल? तिनं गल्ली गडद निळी केली. निम्म्याहून जास्त घरं रिकामी आणि मागे राहिलेली माणसं म्हातारी, अशा गल्ल्यांना आठवड्यातून दोनदा फिरती नर्स मिळणार होती. हे तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं. मीटरबाईनं ते ऐकलंही होतं. पण तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं की गल्ली पांढरी झाली तर माहेराचा मीटर जाईल. बाइंडरकाकांकडे आपण जातोच की, असं तिनं स्वतःला समजावलं. महिन्यातून एकदा ती जातच होती.

महिन्याभरात नर्सच्या गल्ल्यांची यादी लागली. मागची गल्ली तिच्यात नव्हती.

पुढच्या फेरीला बाइंडरकाकांचं दार आतून लावलेलं होतं. हाक मारली, ओ नाही. खिडकीला कान लावला तर आतून ठक असा आवाज आला, थोडं थांबून पुन्हा ठक. कोपऱ्यावरच्या सुताराला आणून तिनं कडी उचकटली. काका मोरीच्या दारात पडले होते. मनगट सुजून काळंनिळं, ओठ कोरडे. दुसऱ्या हातात पुस्तकं दाबायचं लोखंडी वजन. पडताना टेबलाचं कापड ओढलं गेलं आणि वजन खाली आलं होतं. त्या वजनानं त्यांनी शेजारची भिंत ठोकून ठोकून गिलावा पाडला होता. भिंतीपलीकडे सतरावं घर होतं.

"काल सकाळपासून ठोकतोय," ते म्हणाले. पाण्याचे दोन घोट पोटात गेल्यावर त्यांना हसूही आलं. "तुझ्या दादानं ओ दिली नाही गं. पहिल्यापासूनच तुसडा."

मीटरबाईला हसता आलं नाही. सुताराच्या मदतीनं त्यांना दवाखान्यात पोचवून ती तशीच कचेरीत गेली आणि नकाशावालीच्या टेबलासमोर उभी राहिली. खुर्ची होती, पण ती बसली नाही.

"ते अकरा माझे आहेत," ती म्हणाली. "त्या घरांत कुणी नाही. कुलपं आहेत."

मुलीला आधी समजलंच नाही. मग समजलं. "किती घरांत?"

"एकोणीस."

"मी तुम्हाला विचारलं होतं, मावशी. बोट ठेवून विचारलं होतं."

"हो."

"मला वाटलं, सगळ्या कचेरीत एका माणसाचे आकडे तरी खरे आहेत." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज एवढासा झाला होता.

साहेबांनी लेखी समज दिली. जाता जाता म्हणाले, "बाई, निवृत्तीला आठ महिने राहिले आणि आता हे काय सुचलं तुम्हाला?" मीटरबाईनं कागद घडी करून पिशवीत टाकला. तिला खुलासा लिहायला सांगितला होता, पण लिहिणार काय?

यादी बदलायची तर मागची गल्ली नव्यानं मोजायला हवी होती. नकाशावालीनं नवा तक्ता केला. घर क्रमांक, कुलूप आहे का, हाक मारली का, किती वेळ थांबलात. निदान दोन मिनिटं थांबायचं, मगच बंद लिहायचं. दुसऱ्या कुणाला पाठवते, असं ती म्हणाली. मीटरबाई म्हणाली, "नको. लिहिलं मी, खोडेनही मीच."

जायच्या आधी तिनं दादाला फोन लावला.

"दादा, घर बंद म्हणून लिहितेय. मीटर काढून नेतील."

"नेऊ दे की. तो अजून होता तिथं?"

"होता."

"अगं, आता कोण येतंय तिकडं? हिचे गुडघे हे असे. पोराचं सगळं इथं. तुला काय वाटलं, आम्ही परत येणार होतो?"

"नाही रे," मीटरबाई म्हणाली. "सहज सांगितलं."

मागून वहिनीचा आवाज आला, "वन्संना म्हणावं, या एकदा इकडं." मग नातू फोन मागायला लागला आणि बोलणं तुटलं.

सकाळी दहाला तिनं गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. पहिलं घर, कुलूप, हाक, दोन मिनिटं, बंद. तिसरं घर, दोन मिनिटं, बंद. कुलपांवर गंज चढला होता. दर महिन्याला बघूनही तो तिनं कधी बघितला नव्हता. मग सतरावं आलं. इथं हाक काय मारायची हे तिला आधी सुचेना. 'पाण्याचा मीटर' असं ती या दारात कधीच ओरडली नव्हती.

"वहिनीऽ," तिनं हाक मारली.

ती पायरीशी थांबली. पुढची घरं राहिली होती. ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर गेलं. मग तिनं हातातलं घड्याळ बघितलं आणि तक्ता भरला.

कचेरीत नकाशावाली तक्ता संगणकात घालत होती. एका ओळीवर थांबून तिनं मीटरबाईकडे बघितलं. तक्ता हातात दिल्यानंतर ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती.

"मावशी, सतरा नंबरला दोनच्या जागी पंचवीस मिनिटं पडलीत. चूक झाली असेल. दोन करू?"

"राहू दे," मीटरबाई म्हणाली. "तो आकडा बरोबर आहे."

 मुलीनं पंचवीस तसेच ठेवले आणि पुढच्या ओळीवर गेली.

पडद्यावर मागची गल्ली पांढरी झाली. मध्ये बारा निळे ठिपके, एकमेकांपासून लांब लांब. यादीत नाव चढलं. काका मनगटाला प्लास्टर घालून घरी आले, तेव्हा मंगळवार-शुक्रवारची नर्स त्यांच्या आधी दारात हजर होती आणि त्यांचा तिच्याशी पहिल्याच दिवशी गोळ्यांवरून वाद झाला.

मीटर गेलेल्या घरांना मीटरबाईची गरज उरली नव्हती. पुढच्या महिन्यात मागची गल्ली अर्ध्या तासात संपली. काकांचा आकडा सहा आला. तो तिनं दोनदा वाचला, वहीत लिहिला आणि काच फडक्यानं पुसली.

"निघालीस एवढ्यात?" काका म्हणाले.

"झालं काका. संपली फेरी."

"मग आता?"

मीटरबाईनं पिशवी खांद्याला लावली, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं, आणि पिशवी पुन्हा उतरवून त्यांच्या उंबऱ्याशी बसली.