टॉवेलावर पारखलेला फोन

आमच्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, जन्मभर कापडाचे फोटो काढले. चादरी, टॉवेल, पडदे. गिरणीच्या कॅटलॉगात धागा न् धागा मोजून घ्यावा असे. माणसांचे फोटो काढणं हे हौशी लोकांचं काम, असं ते नाक वर करून सांगत. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही त्यांना कौतुक कशाचं, तर ताईच्या पदराची वीण किती स्वच्छ आलीय याचं.

ताईच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, एक तीळ होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आज घाबरण्यासारखं काही नाही, पण नजर ठेवा. दवाखाना आमच्यापासून सहा तासांवर, म्हणून दर पंधरा दिवसांनी फोटो पाठवायचा. रंग गडद झाला किंवा कडा वेड्यावाकड्या दिसल्या की लगेच यायचं. भाऊजींचा जुना फोन धुरकट फोटो काढायचा. ते नवा घ्यायला निघाले आणि मला बरोबर नेलं.

दुकानात त्यांनी पिशवीतून चक्क टॉवेल काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रत्येक फोनवर टॉवेलाचा एक फोटो उजेडात, एक कपाटाच्या सावलीत, मग वर्तमानपत्राच्या बारीक अक्षरांचा. मग तो बोटांनी मोठा करून, फोन हातभर लांब धरून बघायचा. विक्रेता मेगापिक्सेल सांगू लागला, तर म्हणाले, ते आकडे तुझ्याकडेच ठेव. दीड तासाने त्याने विचारलं, फोन घ्यायचाय की फोनची मुलाखत घ्यायचीय? शेवटी एक पसंत पडला. चेहरा उजळवणारं बटण त्यांनी तिथेच बंद केलं.

मग दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला ताई खिडकीजवळच्या स्टुलावर पाठमोरी बसायची. तिळाशेजारी फूटपट्टी. भाऊजींना जवळचं नीट दिसत नसे, त्यामुळे ते पाठीकडे नाही, फोनमध्येच बघत. पाच महिने डॉक्टरांचं एकच उत्तर आलं, तीळ आहे तसाच आहे.

एकदा ताईची पाठ धरली म्हणून मी मलम चोळायला बसले आणि माझा हात जागच्या जागी थांबला. तीळ काळाकुट्ट झाला होता. एका बाजूने शाई सांडल्यासारखा पसरला होता. मी भाऊजींना हाक मारली. त्यांनी परवाचा फोटो काढून शेजारी धरला. फोटोत तो गोल, तपकिरी, गुळगुळीत. त्यांनी तिथल्या तिथे नवा काढला. तोही तसाच.

मग त्यांनी टॉवेल आणून ताईच्या खांद्यावर टाकला आणि दोन्ही एकाच फोटोत घेतले. टॉवेलाचा धागा न् धागा दिसत होता. शेजारची कातडी लोण्यासारखी. माणसाची कातडी ओळखून फोन आपणहून ती साफसूफ करत होता, बटण बंद असूनही.

"दुकानात मी कातडीवर काढून बघितलंच नाही गं," भाऊजी म्हणाले.

मी भडकले होते. म्हटलं, "दीड तास टॉवेल बघत बसलात. बायकोकडे एकदा बघायचं होतं."

ते वाक्य मी अजून मागे घेतलेलं नाही. आता घेऊन तरी काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. तपासण्या झाल्या. आतपर्यंत गेलंय, डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी यायला हवं होतं. भाऊजींनी सगळे फोटो ओळीने दाखवले, फूटपट्टीसकट. डॉक्टरांनी ते बघितले आणि फोन हळूच परत दिला.

ऑपरेशनच्या सकाळी ताई पलंगावर बसली होती. आठवड्यात तिचे गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"अहो, एक फोटो काढा," ती म्हणाली. "पाठीचा नको. माझा."

भाऊजींनी तिला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि फोटो काढला. तिला आत नेल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो. ते तो फोटो बघत राहिले. त्यात डोळ्यांखाली काही नव्हतं, गाल भरलेले, रंग ताजा. त्या फोनला आठवडाभर शिव्या घालणारा हा माणूस. त्याने तोच फोन माझ्यापुढे धरला.

"बघ ना," ते म्हणाले, "बरी दिसतेय ना?"

मी हो म्हटलं.