पितरपाटातली बॅटरी

गाडीची बॅटरी कधी बदलायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई. पण लक्षणं डोळ्यांपुढं होती आणि मी ती बघून न बघितल्यासारखं केलं.

रोज सकाळी आमच्या ह्यांनी चावी फिरवली की गाडी आधी नुसती घरघरायची, मग कशीबशी सुरू व्हायची. दिवे पिवळे पडले होते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरायची, हे त्यावर गरम पाणी ओतायचे. गावातला मेकॅनिक म्हणाला, "मावशी, चार साल चली, बहोत हुआ. आता आज बंद पडंल का उद्या, सांगता येत नाय."

"पितरपाट चालू हाय," मी म्हणाले. "घट बसले की बघू."

"बॅटरी म्हंजे काय शालू हाय का?" हे चिडले.

"नवं ते नवंच."

सुनेला नववा महिना चालू होता. पहिल्या वेळी तिचं पोट पाचव्या महिन्यात पडलं होतं. त्या भीतीनं पितरांच्या पंधरवड्यात मी घरात नवी सुईसुद्धा येऊ दिली नव्हती.

दोन दिवसांनी भर दुपारी तिच्या अंगावरून पाणी गेलं. मुलगा वाळूजला कंपनीत होता. गाडी तिसऱ्या खेपेला सुरू झाली आणि आम्ही खुलताबादचा घाट उतरून शहराकडं निघालो. दौलताबादच्या जुन्या दरवाज्यातून एका वेळी एकच गाडी निघते. तिथं रांग लागली होती. रांग लागली की पेट्रोल वाचवायला गाडी बंद करायची, ही ह्यांची जन्माची सवय. हात आपोआप चावीकडं गेला.

रांग हलली. ह्यांनी चावी फिरवली. टक. पुन्हा टक. घरघरसुद्धा नाही.

"आत्याबाई, खाली दाब येतोय," सून म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. पहिल्या वेळचं रक्त मीच पुसलं होतं. तेच पुन्हा इथं, रस्त्यावर बघावं लागणार, असं मला वाटलं. हे नुसती चावी फिरवतच राहिले.

मागून हॉर्नचा गोंधळ. एक जीपवाला ओरडतच आला, "आजोबा, मुक्काम करता का हितं?" त्यानं आत वाकून बघितलं आणि त्याचा आवाजच उतरला. "दुसरा गिअर टाका. क्लच दाबून धरा. मी म्हणलं की सोडा."

पुढं उतार मोकळा झाला होता. धक्का मारायला चार माणसं लागली, पाचवी मी. पहिल्यांदा गाडीनं गचका खाल्ला आणि मेली. माझी एक चप्पल तिथंच राहिली. दुसऱ्यांदा इंजिननं धरलं.

"थांबू नका!" जीपवाला ओरडला. हे खरंच थांबेनात. मी बाजूनं पळतेय, तर जीपवाल्यानंच दार उघडून मला पोत्यासारखं आत ढकललं.

दवाखान्यापर्यंत ह्यांनी एकदाही रेसवरचा पाय ढिला सोडला नाही. दारात वॉचमन "गाडी बंद करा" म्हणून ओरडत राहिला, हे ढिम्म बसले.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. रडली, तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले. मग बाहेर आले. हे गाडीतच होते, इंजिन चालू.

"दोघी ठीक हायत," मी म्हणाले. "आता आधी बॅटरीच्या दुकानाकडं घ्या."

"आन् पितरपाट?"

"पितर काय धक्का मारायला आले नव्हते."

त्या दिवशी घेतलेल्या बॅटरीला आता तिसरं वर्ष चाललंय. सकाळी ह्यांनी चावी हातात घेतली की मी भाकरी थापायची थांबते. आवाज जरा लांबला तरी मनगटात ती नखं रुततात.