सिग्नलला बंद पडणारी गाडी

घटस्फोटाचं ठरलं, तेव्हा गाडी तिच्याकडे राहील यावर आमचा वाद झाला नाही. ती कासारसाईला माहेरी राहायला गेली होती, तिथून हिंजवडीला ऑफिसला जायला तिला गाडी लागणारच होती. मी बावधनच्या फ्लॅटमध्ये एकटाच उरलो होतो. एका शनिवारी तिचा फोन आला.

"सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते, कधीकधी बंदच पडते. गॅरेजवाल्याने प्लग बदलले तरी तसंच. बघशील का?"

मी काही मेकॅनिक नाही. पण ती जुनी गाडी लग्नापासून मीच सांभाळली होती. मी बॉनेटमध्ये डोकं घालायचो आणि ती शेजारी उभी राहून टॉर्च धरायची.

दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलवरून गेलो. अंगणात सासरे होते. "या पाव्हणं," म्हणाले आणि त्यांनी स्वतः खुर्ची आणून ठेवली. ती पायरीवरच थांबली.

गाडी चालू केली. आरपीएमचा काटा खाली जायचा, उसळायचा, पुन्हा खाली. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी काळी झाली होती. ती साफ केली, तरी फरक नाही. मग कान देऊन ऐकलं. इंजिनाच्या आवाजाखाली बारीक सूं असा आवाज होता. रबरी नळ्यांवर एकेक करून क्लीनरचा जरासा फवारा मारत गेलो. एका वाकणाशी फवारा पडला आणि इंजिनाचा वेग एकदम वाढला. फवारा तिथून आत ओढला जात होता. नळी काढून उलटी केली, तर खालच्या अंगाला चीर. तिथून जास्तीची हवा आत शिरत होती.

"नळी फाटलीय. हिंजवडीत मिळेल," मी म्हणालो.

"मग दोघं जावा की," सासरे लगेच म्हणाले. "तिला बी हवा लागंल जरा."

"मी थांबते इथेच," ती म्हणाली.

सासरे खाली बघत राहिले. मी एकटाच जाऊन नळी आणली, बसवली. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. काटा एका जागी ठरला. एसी लावायला सांगितला, तरी इंजिन डगमगलं नाही. आम्ही दोघं उगाचच बराच वेळ ऐकत राहिलो. 'चल घरी' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते.

तिने चावी फिरवून गाडी बंद केली. "यापुढे मी दुसऱ्या गॅरेजला दाखवत जाईन," ती म्हणाली. "तुला सारखं यायला लावणं बरं नाही."

"हं," मी म्हणालो.

तिने तांब्याने माझ्या हातांवर पाणी घातलं. ग्रीस निघेना. मी घासत राहिलो, ती ओतत राहिली, तांब्या रिकामा झाला.

सासरे म्हणाले, "जेवून जावा. सैपाक झालाय."

"बाबा, नको," ती हळूच म्हणाली.

"बरं, परत कवा येनार?" त्यांनी मला विचारलं. मी हेल्मेट उचललं, ती रिकामा तांब्या घेऊन वळली. तेव्हा त्यांना बहुतेक पहिल्यांदाच घटस्फोटाचं खरं वाटलं. उपरण्याने तोंड पुसत ते आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

सूसच्या चढावर मला समोरचं दिसेना. मोटरसायकल कडेला घेतली. हेल्मेट न काढता, काच खाली ओढून, मी भर दुपारी तिथे रडत बसलो.